तलावाची पातळी वाढते आहे

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. खरा संशोधक रोज लिहितो. विद्यापीठाच्या आवारातल्या तलावावर माझा प्रकल्प मंजूर झाला: 'लोकसहभागातून जलसंवर्धन'. लोक म्हणजे सध्या मी एकटाच, पण सुरुवात कुणीतरी करायची असते. तलाव वाचवायचा, अहवाल द्यायचा, नोकरीत कायम व्हायचं. याच क्रमाने.
काठाला लव्हाळी लावली. 'तलाव तुमचा, जबाबदारीही तुमची' अशी पाटी ठोकली. पाण्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेला दोन मीटरचा खांब रोवला. पाणी मांडीपर्यंत. हातोडा सासऱ्यांकडून उसना आणला. स्टुलावर उभं राहून घाव घालावे लागले. पाणी बासष्टच्या खुणेवर. एक पाणकोंबडी आणि तिची चार पिल्लं लव्हाळ्यातून माझ्याकडे बघत होती. बरं वाटलं.

११ फेब्रुवारी.
पासष्ट. आठवड्यात तीन सेंटिमीटर वाढ. रीडिंगआधी खांबावर चार घाव घातले, कारण तळाला चिखल आहे आणि हलता खांब म्हणजे हलता डेटा. ही शिस्त हल्ली कुणात राहिली नाही. नियम केला: दर सोमवारी आधी घाव, मग रीडिंग.
उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

१२ फेब्रुवारी.
गेलो नाही. गमबूट ओले होते.

४ मार्च.
बहात्तर. माळीकाका तीस वर्षं या तलावाशेजारी काम करतात. म्हणाले, साहेब, पाणी उतरतंय, महिन्याभरापूर्वी वरून तिसरी पायरी भिजत होती, आता चौथी भिजते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांना शांतपणे समजावलं की डोळ्यांना भास होतो, खांबाला होत नाही. त्यांच्याकडे पायऱ्या आहेत, माझ्याकडे डेटा आहे.

१८ मार्च.
विभागप्रमुख बाईंना आलेख दाखवला. रेघ सरळ वर. बाईंनी विचारलं, पाऊस नाही, ओढा नाही, मग हे पाणी येतंय कुठून. लोकसहभागातून, असं सांगितलं. त्या बराच वेळ आलेखाकडे बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात. पायरीच्या दगडाला एक पट्टी पक्की बसवून पडताळा घ्या, म्हणाल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरी वरिष्ठांचा मान म्हणून पुढच्या आठवड्यात बसवणार.

२५ मार्च.
पट्टी आणली. ड्रिल मशीन मिळालं नाही.

१ एप्रिल.
ड्रिल मशीन मिळालं. पट्टी गेली. बायकोने ती घरच्या भिंतीला ठोकून मुलीची उंची मोजायला घेतली आहे. मुलगी वर्षभरात पाच सेंटिमीटर वाढली, म्हणे. माझा तलाव दोन महिन्यांत बावीस.

८ एप्रिल.
शहाऐंशी. अहवाल सादर. कुलगुरूंनी भर बैठकीत पाठ थोपटली. पाणी एवढं वाढतंय तर नुसतं साठवून काय करायचं, प्रशासकीय इमारतीसमोरची हिरवळ सुकते आहे, तिला पंपाने देऊ, असं ठरलं. 'अतिरिक्त पाणी उपलब्ध' या दाखल्यावर माझी सही. मला कायम करण्याची फाइल त्याच दुपारी पुढे सरकली. माळीकाकांना बातमी सांगितली, तर त्यांनी टोपी काढून नुसतं डोकं खाजवलं. मोठ्या गोष्टी पचायला वेळ लागतो.

२२ एप्रिल.
ऐंशी. पुन्हा वाचलं, ऐंशीच. मग लक्षात आलं, आज घाव घालायचेच राहिले. चांगले पंधरा घातले. नव्वद. कार्यपद्धती पाळली की निकाल आपोआप मिळतो.
हल्ली स्टूल लागत नाही. सरावाने हात वरपर्यंत पोचतो.

६ मे.
आता गमबूटही लागत नाहीत. काठ खांबाच्या दिशेने सरकला आहे, म्हणजे जमीनसुद्धा वाढते आहे. यावर वेगळा शोधनिबंध होईल. पाणकोंबडी एकटीच दिसली. पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली असावीत. माळीकाका माझ्याशी बोलत नाहीत. यश सगळ्यांना बघवत नाही.
बायकोने विचारलं, दर सोमवारी हातोडा कशाला लागतो. खांब पक्का करायला, म्हटलं. मग तो खाली जात असेल ना, तिने विचारलं. अगं, पक्का होतो, असं मी दोनदा सांगितलं. ती भाजी चिरत राहिली. तिचा विषय इतिहास आहे.
हल्ली झोप नीट लागत नाही. उकाडा असावा.

२० मे.
समिती आली. कुलगुरू, बाई, बाहेरचे दोन तज्ज्ञ. सगळे बूट न काढता तलावात उतरले आणि खांबाभोवतीच्या डबक्यापाशी थांबले. पाणी घोट्याइतकं. खुणेवर एक्क्याण्णव. मी आलेख उघडून धरला होता.
बाईंनी माळीकाकांना विचारलं, आता कितवी पायरी. पायऱ्या संपल्या बाई, ते म्हणाले.
मग मला म्हणाल्या, तुम्ही रीडिंग कसं घेता ते दाखवा. दाखवलं. आधी घाव. खांब तीन बोटं खाली गेला आणि पाणी शहाण्णववर आलं. साडेतीन महिने मी पाण्याकडे बघत होतो, खांबाकडे आज पहिल्यांदा पाहिलं. बाहेरच्या तज्ज्ञांपैकी एकांना खोकला आला तो बराच वेळ थांबेना.

२१ मे.
पंप बंद केला. आता करून काय उपयोग? हिरवळ मात्र छान आली आहे. फाइल परत आली. हात दाखवून अवलक्षण.
पाणकोंबडीही दिसली नाही. पिल्लांबद्दल मागे लिहिलं ते खोटं होतं. एकेक कमी होताना मी पाहत होतो, विचारायची भीती वाटली. आज माळीकाकांना विचारलं. उघड्या चिखलात कुत्र्यांनी धरली, म्हणाले. मला फार वाईट वाटतंय, असं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि झारी उचलून गेले.

२७ मे, सोमवार.
रीडिंग नाही. हातोडा सासऱ्यांना परत केला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. दांडा ढिला झालाय, जावईबापू, बरंच काम काढलंत, म्हणाले. काय काय ठोकलंत, असं विचारलं.
एक तलाव, असं ओठांवर आलं होतं. एक खांब, म्हटलं.