दिवट्याबद्दल विचारलंस म्हणून

कांजूरमार्ग (पूर्व)
रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

सौ. सुगंधाताईस तुळशीदासचा नमस्कार.

पुढे वि. वि. लिहायची रीत आहे. पण तुला विनंती करायला मला तोंड नाही, आणि जे विशेष आहे ते या पत्राच्या शेवटापर्यंत हातून लिहून होईल की नाही, याची खात्री नाही. तेव्हा आधी बातम्या.

तुझा फराळाचा डबा आणि त्यातलं पत्र, दोन्ही पोचलं. कडबोळी अजून आहेत. माझी आई ती कोणाला देत नाही आणि स्वतःही खात नाही. तिचे गुडघे नेहमीसारखेच आहेत. नळाला पाणी पहाटे चारला येतं, तेव्हा चाळीतली अर्धी भांडणं उजाडायच्या आतच उरकतात. माझी छापखान्यातली नोकरी चालू आहे. लग्नसराई आली, दिवसभर दुसऱ्यांची नावं खिळ्यांनी जुळवत बसतो. भावोजींचा खोकला आता कमी असेल.

तुझ्या भावाची, बाळाची खोली आहे तशीच आहे. किल्ली आईकडे. ती रोज संध्याकाळी दिवा लावून येते. मी जात नाही.

तू पत्रात दोनच गोष्टी लिहिल्यास. पहिली, पुढच्या भाऊबीजेला देवगडला ये, बाळाच्या जागी तुलाच ओवाळीन. दुसरी, बाळाच्या तेराव्याला तू इथे आली होतीस तेव्हा जिन्यात एक पोर दुसऱ्याला म्हणालं, "पळपुटो मेलो," ते काय होतं. माझ्या भावाचा लोकांना एवढा राग का होता, असं विचारलंस. दुसऱ्याचं उत्तर दिल्याशिवाय मला पहिल्याचं देता येत नाही.

राग बाळाचा नव्हता, ताई. राग दिवट्याचा होता.

तू लग्न होऊन चाळीतून गेलीस त्यानंतरची ही गोष्ट. माझा मावसभाऊ चंद्रप्रकाश बोटीवर आहे, तो त्र्याऐंशी साली परदेशातून एक खोका घेऊन आला. आत इंग्रजी पुस्तक आणि कसले कसले फासे, एकाला तर वीस बाजू. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचं आणि सांगायचं, "तुमच्यासमोर भुयार आहे." बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि म्हणायचं, मी आत जातो, मी तलवार काढतो, मी बोलणी करतो. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. चंद्रप्रकाशला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, म्हणून तो मला देऊन गेला. मी डिक्शनरी घेऊन पावसाळाभर बसलो आणि दोन वह्यांत सगळं मराठीत उतरवलं. नाव ठेवलं काळगडची मोहीम. आपल्या लोकांना हा खेळ समजायला दोन रविवारसुद्धा लागले नाहीत. दशावतारात तरी कुठे कागद हातात असतो. उभं राहायचं आणि पात्राच्या तोंडचं बोलत सुटायचं.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आमच्या गॅलरीत खेळ बसायचा. खेळणारे पाच आणि ऐकणारे पंचवीस. बायका तांदूळ निवडत ऐकायच्या. गुणाजी, तो कोपऱ्यातल्या खोलीतला, कबड्डीवाला, त्याने शूर सरदार घेतला. सगळी चाळ त्या सरदारावर फिदा. बाळाला मी विचारलं, तू कोण होणार. तो म्हणाला, "माका दिवट्या कर." मशाल धरणारा. मी म्हटलं, अरे त्याच्या हातात तलवार नसते. तर म्हणाला, "मगे बरा झाला."

लोकांना तो का आवडत नसे ते सांगतो. मी सूत्रधार होतो, सगळं ऐकत होतो. दिवट्या सतत म्हणायचा, परत फिरूया. सरदार दार फोडायला निघाला की हा म्हणणार, तेल कमी आहे, आधी कान लावून ऐकूया. एकदा जखमी शत्रू सापडला तर याने त्याला पाणी पाजून सोडून दिलं, आणि पुढच्या रविवारी त्याच शत्रूने यांचे घोडे पळवले. गॅलरी एवढी चिडली की शकुमावशी हातातलं सूप टाकून उठून गेल्या. मोहिमेवर निघालेल्या माणसाने परत फिरूया म्हणू नये, असं लोकांचं म्हणणं. आठवडाभर कारखान्यात साहेबाला मान हलवायची, आणि रविवारी दोन तास काळगड जिंकायचा, तर तिथेही हा आपला सांभाळून, हळू, थांबा.

त्याच्या बाजूचेही होते. आई होती. भाऊराव होते, गिरणी बंद पडून घरी बसलेले. ते म्हणायचे, "बत्तीवालो नसलो तर तुमचो शूर कोणाक दिसतलो?" यावरून नळावर भांडणं व्हायची. सरदाराचे आणि दिवट्याचे, असे चाळीत दोन तट पडले. दिवट्याचा तट लहान होता.

आणखी एक कारण होतं आणि ते माझं होतं. दिवट्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मी आठवडाभर छापखान्यात डोकं खाजवून सापळा रचावा आणि बाळाने तो दोन वाक्यांत ओळखावा. "तुळशी, ह्या दार जरा जास्तीच उघडा दिसता." मग सगळे हसायचे. मला त्याचा राग यायचा, ताई. माझ्या घरी जेवणारा, गॅलरीत माझ्या शेजारी झोपणारा बाळा मला आवडायचा. रविवारी दोन तास आवडायचा नाही.

खेळाचा एक नियम होता. भुयारात शिरलं की दर वळणावर सरदाराने विचारायचं, "दिवट्या, खंय आसस?" आणि बाळाने म्हणायचं, "हंयच आसंय." त्याचा आवाज आला म्हणजे उजेड आहे. पुढे पुढे पोरं जिन्यात हेच खेळायची.

यंदा मे महिन्यात काळगडच्या शेवटच्या भुयारात गुणाजी कोणाचं न ऐकता पुढे घुसला. दिवट्या नेहमीप्रमाणे थांब म्हणाला होता. गुणाजीने स्वतः फासा टाकला, दोन पडले. सरदार मेला. तीन वर्षांचा सरदार एका फाशात गेला. गुणाजीचं तोंड असं झालं की मला वाटलं हा आता उठणार आणि परत येणार नाही, आणि तो नाही तर ऐकणारे नाहीत, आणि खेळ बंद. तेव्हा मी म्हटलं, थांबा, अजून एक फासा राहिलाय. मशाल टिकली का, ते बघायचंय. काळोख झाला असेल तर सरदाराचा दोष नाही.

तो फासा सूत्रधाराने झाकून टाकायचा असतो. आमच्याकडे आईची काशाची वाटी होती. दहाच्या वर पडले तर दिवट्या उभा राहिला, खाली पडले तर पळाला. मी वाटी जराशी उचलून पाहिली.

सतरा होते.

मी वाटी परत ठेवली आणि म्हणालो, "दिवट्या पळाला."

ताई, हे वाक्य मी पहिल्यांदाच कागदावर लिहितोय. आतापर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

गॅलरीत जो ओरडा झाला तो खाली रस्त्यापर्यंत गेला असेल. गुणाजीचा जीव भांड्यात पडला. त्याचा सरदार फितुरीने मेला होता, मूर्खपणाने नव्हे. बाळा माझ्या डाव्या हाताला बसला होता. तो वाटीकडे बघत होता. मग म्हणाला, "माझो दिवटो पळाचो नाय." मी वाटीवरचा हात काढला नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "पण तू म्हणतस तर पळालो असतलो." सूत्रधाराचा शब्द शेवटचा, हा नियम वहीत मीच लिहिलेला. वाटी उचलली तेव्हा त्याला फासा दिसला का, हे मला अजून माहीत नाही. दिसला असेल तर तो चार महिने माझ्या पानाला पान लावून जेवला आणि एक शब्द बोलला नाही.

त्या दिवसापासून तो पळपुटो झाला. आधी थट्टेत. मग पोरं जिन्यात ओरडायला लागली. मग नळावर मोठी माणसंसुद्धा, "पळपुट्या, बादली धर, पळू नको." तो हसायचा. बाटल्यांच्या कारखान्यातून घरी यायचा तो मागच्या जिन्याने यायला लागला. मला वाटायचं, निवळेल. लोक गणपतीपर्यंत विसरतील.

गणपतीत काय झालं ते तुला माहीत आहे, पण अर्धंच. आम्ही सगळ्यांनी तुला सांगितलं की तो हौसेने तराफ्यावर चढला. ते खरं नाही.

पवईच्या तलावावर पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. रिकाम्या पिंपांचा तराफा, त्यावर मूर्ती, मूर्ती धरायला चौघे. पेट्रोमॅक्स दरवर्षी काठावरच राहते. बाळा ती घेऊन काठावर उभा होता, कारण त्याला पोहता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या चौघांतला गुणाजी तराफ्यावरून म्हणाला, "बत्ती हंय व्हयी हुती. पण दिवटो कसलो येता, तो पळात." सगळे हसले. मीही हसलो. आरतीचं ताट माझ्या हातात होतं, मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. बाळाने चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या आणि बत्ती उचलून तराफ्यावर गेला. तेव्हा मला बोलता आलं असतं. "गुणाजी, फासा सतरा होता." एवढंच. तो परत आला असता. मी ताट धरून उभा राहिलो.

मध्यावर मूर्ती एका अंगाला सरकली, तराफा तिरका झाला आणि चौघेही पाण्यात पडले. बाळा पडला नाही. तो वरच्या कोपऱ्यावर गुडघे टेकून बसला आणि बत्ती डोक्यावर धरली. तलावात दुसरा उजेड नव्हता. गुणाजी पाण्यातून ओरडला, "बाळा, खंय आसस?" आणि मला काठावर स्वच्छ ऐकू आलं, "हंयच आसंय." त्या उजेडाच्या रोखाने चौघे पोहत तराफ्याशी आले. एकेकाने कड धरली. शेवटचा गुणाजी वर चढायला गेला तेव्हा तराफा उलटला आणि बत्ती विझली. गुणाजी हाका मारत राहिला. तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा. उत्तर आलं नाही.

चौघेही घरी आले, ताई. म्हणून तुला सगळं सांगायला लाज वाटली.

आता मंडळाच्या फळ्यावर त्याचं नाव लिहिलंय. खाली हार असतो. तरी वाद मिटलेला नाही. अर्धे म्हणतात, देवमाणूस. अर्धे म्हणतात, पोहता येत नाही तर गेला कशाला, बत्ती टाकून पिंप धरलं असतं तर वाचला असता, तेवढीही अक्कल नव्हती. पूर्वी पळाला म्हणून नावं ठेवायचे, आता पळाला नाही म्हणून ठेवतात. पोरांना हे मोठ्यांचं काही कळत नाही, ती जुनंच नाव घेतात. तू जिन्यात ऐकलंस ते एवढंच.

गुणाजी कबड्डीला जात नाही. महिन्यापूर्वी गॅलरीत आला आणि म्हणाला, "तुळशी, त्या दिवशी वाटयेखाली फासो काय पडललो?" मी म्हटलं, आठवत नाही. तो मान हलवून गेला. त्याला सांगितलं तर त्याचं काय होईल मला माहीत नाही, आणि नाही सांगितलं तर माझं काय व्हायचं ते होतंच आहे.

खेळ बंद आहे. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत, गॅलरीत कपडे वाळतायत. दोन्ही वह्या मी बंबात घातल्या. वाटी आईने शोधली, मी सांगितलं हरवली. ती माझ्या ट्रंकेत आहे.

मी भाऊबीजेला येणार नाही. तू ताट घेऊन समोर उभी राहशील, निरांजनाचा उजेड माझ्या तोंडावर येईल, ते मला सोसणार नाही. तू क्षमा करशील अशी मला भीती वाटते. तू तशीच आहेस, तोही तसाच होता. करू नकोस. हे पत्र वाचून झालं की भावोजींना दाखव किंवा जाळ, गुणाजीला पाठवलंस तरी माझी हरकत नाही. मला आता सूत्रधाराचा शब्द नको.

तिकडे गावात कोणी बाळाला पळपुटा म्हणालं, तर एवढं मात्र सांग, की फासा सतरा पडला होता आणि ज्याने पाहिला त्याने स्वतः तसं लिहून दिलंय. दिवट्या भुयारात शेवटपर्यंत उभा होता. पळालो तो मी. पहिल्यांदा गॅलरीत, दुसऱ्यांदा पवईच्या काठावर.

पत्राखाली 'तुझा भाऊ' असं लिहायला जागा सोडली होती. ती तशीच राहू दे.

तुळशीदास