बाबांच्या गोळ्या मी नेल्यात

दादा,

तू आणलेलं गोळ्यांचं पाकीट शोधू नकोस, ते माझ्या पर्समध्ये आहे. बाबांच्या जुलाबाचा रिपोर्ट तू अर्धाच वाचलास. वर ‘जंतू आढळला’ आहे, पण खाली ‘जंतूचं विष आढळलं नाही, जंतू नुसता वस्तीला असू शकतो’ असंही छापलंय. घरात सापडला तो चोरच, असं नसतं रे.

आईच्या रिपोर्टवर ही खालची ओळ नव्हतीच. जंतू सापडला म्हणून आपण हुश्श केलं, तिला याच गोळ्या भरवत राहिलो आणि आतड्यातली गाठ तिला घेऊन जाईपर्यंत आत निवांत वाढत राहिली. जुलाब नक्की कशाने होतायत, हे पुन्हा कुणी विचारलंच नाही. आत्ता डॉक्टरांना तेच विचारायला चाललेय. उत्तर घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.

बाबांना मीठ-साखरेचं पाणी घोटघोट देत राहा. बाथरूमला जाताना ते अजून दारावर टकटक करतात आणि आई बाहेर यायची वाट बघत उभे राहतात. राहू देत. पाय लटपटायला लागले, तर मात्र हळूच दार उघड आणि म्हण, “झालं तिचं, जा तुम्ही.”