एकाच माऊसवर दोन हात

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नसेल आणि तुमच्या यजमानांचा खोकला शेजाऱ्यांना ऐकू जायचा थांबला असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. बाबा जेवतात, चालतात, औषधं घेतात (दुपारची गोळी कुंडीत सापडली होती, पण ती एकदाच). हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तुमचा जीव वरखाली होणार आहे.

झालं असं, की आमचा माऊस बिघडला. एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखं करायचा. मी घरी बसून आर्किटेक्टचे नकाशे काढते हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या माऊसच्या कृपेने दातांच्या एका दुमजली दवाखान्यातला जिनाच पुसला गेला आणि नकाशा तसाच साहेबांकडे पोचला. ते ओरडले नाहीत. पेशंटने वर कसं जायचं, एवढंच त्यांनी विचारलं आणि शनिवारी पाचच्या आत जिन्यासकट नकाशा मागितला. (ओरडले असते तर बरं झालं असतं.) त्याच माऊसवर बाबा संध्याकाळी इंटरनेटवर लढाईचा खेळ खेळतात. मागच्या वर्षीच्या आजारानंतर उजव्या हाताची बोटं हलती राहावीत म्हणून व्यायामवाल्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता. तो बाबांनी दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी कपाटामागे टाकला. खेळ मात्र सुटला नाही. टोळीत चौघं आहेत, म्होरकी एक नर्स आहे, आणि शनिवारी सहाला त्यांचा मोठा सामना होता. बाबा भिंतीआड दबा धरून एक गोळी झाडायचे, माऊस दोन झाडायचा, की झाला लपण्याच्या जागेचा बोभाटा! नर्सबाईंनी त्यांना शेवटची ताकीद दिली होती.

दोघांना दोन माऊस घ्या, असं म्हणून तुमचे बंधू कामावर निघून गेले. (काडी टाकून निघून जायची त्यांची सवय तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल.) बाबांचा चेहरा पडला. आजारापासून घरात त्यांचा कप वेगळा, चमचा वेगळा, खुर्ची वेगळी. आम्ही सोयीसाठीच केलं होतं सगळं. ‘आता माऊसही वेगळा नको,’ एवढंच ते म्हणाले. शनिवारी सकाळी अकराला आम्ही बाहेर पडलो, दोघांना चालेल असा एकच माऊस शोधायला.

दुकान झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर, आणि इतकं अरुंद, की एकजण खोकला तर दुसऱ्याने बाहेर जावं. दुकानदार बाईंनी सात माऊस मांडले आणि एक संगणक चालू करून दिला. पडद्यावर तीस ठिपके येतात, ते टिपायचे. बाई एका माऊसचं डीपीआय सोळा हजार असल्याचं कौतुक सांगू लागल्या (म्हणजे हात जरा हलला की बाण पडद्याच्या पार). मला आठशे पुरे, असं बाबा म्हणाले, तेव्हा बाईंनी चष्मा सरळ करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. पहिल्या माऊसवर चार ठिपके लागले. शेवटची दोन बोटं वळत नाहीत, ती कडेवरून घसरून टेबलावर फरफटत होती. मागे गिऱ्हाइकं जमली. दुसऱ्यावर सहा. तिसरा सात रंगांत लुकलुकत होता, त्याला बाबांनी हातच लावला नाही. चौथा, पाचवा... चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला तो हात, वन्सं, आणि मागे अनोळखी माणसं त्याचे गुण मोजत होती. चला घरी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सहावा. रुंद, बुटका, उजवीकडे बोटं टेकवायला छोटा कठडा. एकोणीस! मागच्या एका उंच गृहस्थाने टाळीच वाजवली.

मग माझी पाळी. मला नकाशा सरकवायला माऊसचं चाक दाबावं लागतं, आणि ते चाक असलं घट्ट, की दाबावं तर नकाशा उडी मारून भलतीकडे. छान आहे, असं मी म्हटलं. बाबा माझ्या तोंडाकडे नाही, बोटाकडे बघत होते.

‘खोटं बोलतेस,’ म्हणाले. लगेच माऊस विकत घेतला आणि बाईंकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला. खालचा कागद फाटला की वॉरंटी गेली, असं बाई कळवळून सांगत असतानाच बाबांनी तो फाडला.

आत चाकाला दाबून धरणारी एक स्प्रिंग होती, केसाहून थोडी जाड. ती सुटली आणि उडाली. एक वाजून गेला होता, जिना बाकी होता, आणि दुकानदार बाई, टाळीवाले गृहस्थ आणि मी, तिघंही जमिनीवर रांगत होतो. स्प्रिंग शेवटी माझ्या ओढणीत सापडली. बाईंनी पर्समधून भुवयांचा चिमटा काढून दिला. बाबांनी स्प्रिंग थोडी वाकवून सैल केली, ते जमलं. बसवताना मात्र चिमटा जागेवर ठरेना. एकदा निसटली. दुसऱ्यांदा निसटली. बाबांनी डोळे मिटले, आणि मग चिमटा माझ्यापुढे धरला.

‘तू बसव. मी सांगतो.’

‘मोडली तर?’

‘मोडली तर मोडली. श्वास सोड. आता.’

बसली. चाक लोण्यासारखं दबलं.

जिना पाचला आठ मिनिटं असताना साहेबांकडे गेला. सहाचा सामना बाबांची टोळी हरली, पण नर्सबाईंच्या चुकीने, बाबांच्या नव्हे. हे ते मला आतापर्यंत तीनदा मोठ्या आनंदाने सांगून चुकले आहेत.

तुमची,
वहिनी

ता. क. बाबांनी पत्र वाचलं. पहिल्या माऊसवर चार नव्हे, पाच लागले होते असं त्यांचं म्हणणं आहे. (चारच.)

पुन्हा ता. क. बाबा आता फिरायला गेलेत, म्हणून पत्राचं खरं कारण लिहिते. दुकानदार बाईंनी काल बिघडलेले अकरा माऊस पिशवीत घालून पाठवले, जमलं तर बघा म्हणून. बाबा ते स्वयंपाकघरातल्या सुरीने उघडत बसले होते. त्यांची घड्याळदुरुस्तीच्या हत्यारांची पेटी आजारपणात तुम्ही तिकडे नेलीत. समोर दिसली की त्यांना वाईट वाटेल, असं आपण दोघींनीच ठरवलं होतं, त्यांना न विचारता. ती पाठवाल का? त्यांना फोन करून विचारू नका, नको म्हणतील.

शेवटचा ता. क. पेटीत चिमटे दोन असतील, तर दोन्ही आतच राहू द्या. एक मला लागेल.