पुतणीच्या राहून गेलेल्या गुणांबाबत

मी, खाली सही करणारा निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक, वय एकोणऐंशी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवतो. तब्येत ठणठणीत आहे; कोणी घाई करू नये.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नीची. तिनं पन्नास वर्षं माझी बडबड ऐकली, त्यापुढे हे काहीच नाही.

२. पुस्तकं व हत्यारांची पेटी चिरंजीवांना. शाळेनं मोडीत काढलेला आणि मी विकत घेतलेला टॅन्जंट गॅल्व्हनोमीटर मात्र त्यांना नाही. तो टीव्हीशेजारी शोभेला ठेवायचा म्हणे, स्पीकरच्या चुंबकाला खेटून! कपाळ माझं!

३. तो पुतणीला. तांब्याच्या तारेचं उभं वेटोळं, मधोमध होकायंत्राची सुई, तिला जोडलेला काटा. वेटोळं उत्तर-दक्षिण करून काटा शून्यावर आणायचा, मग वीज सोडायची. वेटोळ्याचं चुंबकत्व सुईला आडवं ओढतं, पृथ्वी तिला उत्तरेला धरून ठेवते. या ओढाताणीत सुई जितकी वळते, तो कोन काट्याच्या दोन्ही टोकांशी वाचायचा; त्याच्या टॅन्जंटवरून विजेचा प्रवाह मोजतात. जवळ लोखंड नको.

४. आता कबुली. पुतणी माझ्याच वर्गात होती. प्रात्यक्षिक परीक्षेत मी वाकून पाहिलं, तर काटा शून्यापासून सरकलेला. ती म्हणाली, "काका... सर, जरा मागे सरा ना!" मला तो उद्धटपणा वाटला. नापास केलं. तिनं विज्ञान सोडलं, विजेच्या मोटारींचं वाइंडिंग शिकली; आज तिचं स्वतःचं दुकान जोरात चालतं.

निवृत्तीच्या दिवशी याच यंत्रावर पुन्हा वाकलो आणि काटा हलला. माझ्या खिशात कपाटांच्या लोखंडी किल्ल्यांचा जुडगा होता. एकवीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती.

काल तिला बोलावून हे कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग माझे मार्क द्या."

"आत्ता?"

"तुम्ही गेल्यावर कोणाकडे मागू, काका?"

तिनं टेबलावर यंत्र मांडलं. मी खिसे रिकामे करून दाराशी बसलो. काटा चव्वेचाळीस अंशांवर स्थिरावला. झकास! फक्त काट्याचं दुसरं टोक वाचायला ती विसरली.

५. सबब, पुतणीस वीसपैकी अठरा गुण. ते तिचे स्वकष्टार्जित असून त्यांवर माझा वा माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ९ जून

लिहून ठेवणार: निवृत्त शिक्षक (सही)
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (सही), समोरच्या दंतवैद्य बाई (सही)