ओळखीचं यंत्र

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय खटक्या,

अनेक आशीर्वाद. बरा असशील. करडा कोट घालून व्यासपीठावर उभा होतास तेव्हा तरी बरा दिसलास, जरा वाळल्यासारखा. इकडे आम्ही ठीक. स्वयंपाकघराच्या भिंतीला पुन्हा ओल आली आहे. खालच्या शिंपीणबाईंनी कुत्रं पाळलंय, ते साऱ्या इमारतीत फक्त माझ्यावर भुंकतं. माझं मुद्रितं तपासणं चालू आहे. बाबा जेवतात, झोपतात.

तुझं भाषण मी दोनदा पाहिलं, एकदा बहीण म्हणून आणि एकदा मुद्रितशोधक म्हणून. तुमच्या कंपनीच्या नव्या गेम-कन्सोलला डिस्कची खाच नाही, वायर नाही, बाहेरून एकही स्क्रू नाही, असं तू म्हणालास तेव्हा टाळ्या पडल्या. त्याच्या पुढच्या पिढीत तर डबाच उरणार नाही, खेळ सरळ पडद्यावर येईल, "तुम्ही जगात कुठेही असा, यंत्र तुम्हाला ओळखेल," यावर लोक उभेच राहिले. अभिनंदन. हे मनापासून लिहिते आहे का, ते मी तपासून पाहिलं. निम्म्याहून अधिक मनापासून आहे.

एक चूक मात्र दाखवते, सवयच ती. "माझे वडील कार्ट्रिजवर फुंकर मारून खेळ जिवंत करायचे," असं तू सांगितलंस. बाबांनी जन्मात कधी फुंकर मारली नाही. फुंकायचास तू. आणि बाबा आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या फळीमागून ओरडायचे, "अरे खटक्या, बासरी आहे का ती? थुंकीनं पट्ट्या गंजतात!" ते कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पट्टी पुसत बसायचे. बोळ्याला टाळ्या पडल्या नसत्या, हे मला समजतं.

भाषण बाबांनाही दाखवलं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

तुमच्या जाहिरात खात्यातल्या बाईंचा फोन आला होता. आवाज फार गोड. बाबांना जुन्या कार्ट्रिजवर फुंकर मारताना चित्रित करायचं आहे म्हणाल्या. अर्धा दिवसच लागेल, बाबांना काही बोलावं लागणार नाही. मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारणार होते कोण जाणे.

तू आणलेला कन्सोल आठवतो ना? बाबांनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवला होता. "याचं तोंड कुठंय?" तू म्हणालास, तोंड नाही बाबा, आता सगळं हवेतून येतं. "बरंय की. तोंड नाही म्हणजे तक्रार नाही." आपण तिघंही हसलो. तू त्यात तुझं खातं उघडून दिलंस आणि तो दुरुस्तीच्या दुकानाचा खेळ लावून दिलास.

त्या खेळाबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, ते आज मानते. बाबा मला कधी काकू म्हणायचे, कधी नर्सबाई. पण पडद्यावर बिघडलेला रेडिओ आला की त्याचा कुठला स्क्रू आधी काढायचा ते त्यांना बरोबर कळायचं. हात थरथरला तरी पडद्यावरचा पेचकस थरथरायचा नाही. त्यांनी फळ्या लावल्या, घड्याळं एका बाजूला, पंखे एका बाजूला, अगदी आपल्या दुकानासारखं. गिऱ्हाईकं वाढली. एक टोपीवाला म्हातारा रोज यायचा आणि म्हणायचा, "तुमच्याशिवाय कुणाकडे देत नाही बुवा." बाबा त्याला मोठ्यानं उत्तर द्यायचे. "उद्या या, आज गर्दी आहे." मग माझ्याकडे वळून, "पोरी, चहा टाक. तुझ्या भावाला हाक मार, नुसता खटके खालीवर करत बसला असेल."

दिवसातून तेवढा वेळ त्यांना मुलगी होती आणि मुलगाही होता.

मग एका दुपारी पडदा काळा झाला आणि वर अक्षरं आली: हे यंत्र खात्यातून काढून टाकण्यात आलं आहे. बाबांनी ते वाचलं. "दुकान कुणी बंद केलं?" मी तुला फोन लावेपर्यंत त्यांनी खाटेखालची पेटी ओढली, पेचकस काढला आणि स्क्रू शोधू लागले. स्क्रू नव्हताच. त्यांनी सांध्यात टोक घालून जोर लावला, ते निसटलं आणि तळहातात गेलं. टाके पडले. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आपण फोनवर बोलत होतो तेव्हा मी दुसऱ्या हातानं त्यांच्या हातावर फडकं दाबून धरलं होतं.

तू म्हणालास, "अगं ताई, मेल आला होता. अनोळखी यंत्रावर तुमचं खातं चालू आहे, हे यंत्र तुमच्या ओळखीचं आहे का? मी मीटिंगमध्ये होतो, 'नाही' दाबलं."

"आपल्या गावाचं नाव नव्हतं त्यात?"

"होतं गं. लक्षात नाही आलं."

गावाचं नाव होतं, खटक्या.

तू लगेच पासवर्ड पाठवलास, हे खरं आहे. खेळ पुन्हा सुरू झाला, पण पहिल्या दिवसापासून. फळ्या रिकाम्या. तोच टोपीवाला म्हातारा आत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "नवीन दिसताय इथे?"

बाबांनी कंट्रोलर मांडीवरून उचलून हळूच बाजूला ठेवला. "मी नाही तो," म्हणाले. पुन्हा हात लावला नाही. आता बोलतात ते एखादाच शब्द. मी तुला एवढंच कळवलं की जुनं सगळं पुसलं गेलं. तुझं उत्तर माझ्याकडे आहे: "सॉरी ताई. पण बाबांना कुठे लक्षात राहतंय?"

मी जुन्याचे गोडवे गात नाही. जुन्या डिस्कवर चरे पडायचेच. आणि तू मुद्दाम केलं नाहीस. त्या घाईत मीही कदाचित तेच बटण दाबलं असतं. पण तसं दाबल्यावर मी जगाला सांगत फिरले असते का, की यंत्र तुम्हाला ओळखेल?

आता भाषणाचं. तुझा चेहरा पडदाभर झाला तेव्हा मी चित्र थांबवलं आणि विचारलं, "बाबा, हे ओळखीचे आहेत का?"

त्यांनी नीट पाहिलं. गिऱ्हाईकाला वाईट वाटू नये म्हणून हसायचे, तसे हसले. "नाही. आपल्याकडचे नाहीत."

त्यानंतर माझं मन मला खातं आहे. "हा आपला खटक्या ना?" असंही विचारता आलं असतं. मी तसं विचारलं नाही. तुला आलेल्या मेलमधल्याच शब्दांत विचारलं. आणि उत्तर आल्यावर ते दुरुस्तही केलं नाही, मी, जी परक्यांच्या वेलांट्या दुरुस्त करून पोट भरते.

जाहिरातवाल्या बाईंना नाही म्हणून कळव. यायचं असेल तर तू एकटा ये, कॅमेरा नको. बेल बंद आहे, कडी वाजव. दार मी उघडीन. मी तुला अजून ओळखते.

ताई