तंगूस लावलेला बेस

तीर्थस्वरूप हरेश्वरमामा यांस,

पियूषचा वाकून नमस्कार. तुमची कंबर, मामींचे गुडघे आणि बेंजो पार्टीचा टेम्पो, सगळ्यांची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. (तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून म्हसळ्याच्या एसटीने हे पत्र धाडतो आहे. कागद ब्लॉक करता येत नाही.) आई मजेत आहे, तुम्हाला सुके बोंबील हवेत का विचारते. बाबा तर इतके मजेत आहेत की सगळा घोटाळा त्यातूनच झालाय.

"बेस गिटार परत पाठव" हा तुमचा निरोप मिळाला. पण आधी माझी बाजू ऐका. बाबा रात्रभर समुद्रात असतात आणि दुपारी झोपतात, आणि माझी प्रॅक्टिसची वेळ तीच. वायर न जोडता वाजवलास तर बेसचा आवाज होत नाही, हे तुमचं वाक्य. होतो, मामा! तुम्ही दिलेल्या नव्या स्टीलच्या तारा अशा खणखणल्या, की शेजारची मनुबाई ताटं कोण आपटतंय ते बघायला आली. बाबा उठून बसले. "पुन्यांदा माजी झोप मोरली, तर या गितारचा वल्हा करीन!" (लांबी बघता वाईट वल्हं झालं नसतं.) मग मी सपाट वेटोळ्यांच्या गुळगुळीत तारा मागवल्या. त्या जात्याच घोगऱ्या आणि कमी बोलणाऱ्या. पण गिटारचं डोकं चुकून कपाटाला टेकलं, की अख्खं कपाट घुमायचं आणि बाबा खोलीतूनच वल्ह्याची आठवण करून द्यायचे.

शेवटी त्यांच्याच पेटीत मला मोठ्या गळाचा तंगूस सापडला, जाड नायलॉनची दोरी. कमी-जास्त जाडीचे चार तुकडे कापले, टोकाला गळाची गाठ मारली आणि चढवले. काय सांगू! उशीत तोंड खुपसून कुणी गुणगुणावं इतकाच आवाज. बाबा घोरत राहिले आणि मी हळदीची सगळी गाणी बसवली. माझ्या डोक्याचा मला इतका अभिमान वाटला, की तळे गावातल्या हळदीला तोच बेस खांद्याला लावून आलो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. घरी स्पीकर नसल्याने तंगूस लावलेला बेस वायरला जोडून कधी पाहिलाच नव्हता. मी वाजवतोय आणि आवाज शून्य. तुम्ही वायर बदललीत, साऊंडवाल्याला झापलंत, स्पीकरला दोन थापडा मारल्यात, नवऱ्याच्या काकांनी लिंबूही उतरवलं. बेसच्या पोटात चुंबकं असतात आणि त्यांना फक्त लोखंडी तारच कळते, हे मला दुसऱ्या दिवशी मोबाईलवर कळलं. मामा, तेव्हा तुमचा उतरलेला चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. (नवरीची केसरमावशी मात्र जाताना म्हणाली, "पोरा, बेस लय गोड वाजवलास." हे तुम्हाला खिजवायला सांगत नाही.)

तेव्हा राग सोडा. बेस माझ्याकडेच राहू द्या. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
पियूष

ता. क. राग सोडला नाहीत तरी बेस पाठवता येणार नाही. काल तुमच्या निरोपाप्रमाणे तो पिशवीत भरला, तर दुपारी बाबा कूस बदलून बदलून बाहेर आले. "आज ता धुमधुम कुठं गेला? मना झोप न्हाय येत." तुम्ही परत मागितलाय म्हटल्यावर तुमच्याबद्दल जे बोलले ते आई लिहू देत नाही.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. सोमवारपासून बाबा आठवडाभर खोल समुद्रात जाणार आहेत. होडीवर झोप लागत नाही, म्हणून बेस बरोबर नेणार, आणि तो वाजवायला मला. मामा, मला धक्क्यावर उभं राहूनच उलटी होते! कोळ्याचा मुलगा असून हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? सोमवारी कुठल्याही हळदीची सुपारी काढा आणि माझ्याशिवाय अडलंय असा फोन त्यांना करा. हातात खुळखुळा दिलात तरी वाजवीन, पण जमिनीवर.