ह्यांचं ताट

चिंचवड, १९७४

ती. वन्सं,

नमस्कार करते, कारण तुम्ही वयाने मोठ्या आहात. दुसरं कारण सापडत नाही.

"शुभदाला जिभेवर ताबा नाही, म्हणून तिचं ऑपरेशन लांबलं," असं तुम्ही उघड्या कार्डावर लिहिलंत. पोस्टमनने माझ्या पोटाकडे बघतच ते हातात दिलं. आधी वजन उतरवा, नाहीतर हर्नियाचे टाके धरणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून तुम्ही सांगितलेले गुरुवारही धरले. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी. काट्यावर उभी राहिले तर वजन वाढलेलं!

एरवी मी एकच भाकरी वाढून घेते. पण तुमचे बंधुराज कंपनीच्या कँटीनमध्ये पोटभर जेवून येतात, घरी पुन्हा ताट भरून घेतात आणि अर्धं ठेवून उठतात. नवऱ्याच्या ताटातलं बायकोनं संपवायचं, हे लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला मला तुम्हीच शिकवलंत. कधीकधी तो गार भात मला आवडतोही, खोटं कशाला बोलू? पण तो गिळताना पोटातली गाठ ठणकते, ते तुमच्या कार्डात कुठे नाही.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. रविवारी तुम्ही जेवायला येताच आहात. हे उठले की त्यांचं ताट मी तुमच्यापुढे सरकवीन. सख्ख्या भावाचं आहे, एक शीतही टाकू नका. मग जिभेवरच्या ताब्याचं बोलू.

तुमची जाडी भावजय,
शुभदा